मशीन रस्त्यात आहे

ईरा आणि अर्णव,

मागच्या रविवारी फोनवर ईराने विचारलं, "आजी, तू जाहिरातीत काम करायचीस?" आणि तुम्ही दोघं खूप हसलात. इंटरनेटवर तुम्हाला कुठेतरी एक जुनी फिल्म सापडली होती. तिच्यात मी निळी साडी नेसून, एका हातात दुसरा हात धरून उभी आहे आणि एका कॉलेजबद्दल इंग्रजीत बोलते आहे. मी "सांगेन कधीतरी" म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर तुमचे आजोबा म्हणाले, "सांगून टाक. नाहीतर मुलं ती फिल्म खरी समजतील." म्हणून हे लिहायला बसले आहे. फोनवर सांगितलं असतं तर मला राग आला असता आणि अर्धंच सांगून झालं असतं. लिहिताना मला नीट वागता येतं. काही शब्द अडले तर आईला विचारा.

ही हकिगत डॉप्लर सरांची आहे. त्यांचं खरं नाव लिहीत नाही. पुढे त्यांच्या कॉलेजातल्या मुलींनी ठेवलेलं हेच नाव त्यांना शोभायचं. सदऱ्याच्या ज्या खिशात इतर माणसं पेन ठेवतात, त्या खिशात ते रक्ताचा प्रवाह ऐकवणारं, डॉप्लर नावाचं एक लहानसं यंत्र ठेवायचे. साबणाच्या डबीएवढा स्पीकर आणि त्याला तारेने जोडलेली जाड पेनासारखी कांडी. नवा माणूस भेटला, नमस्कार झाला, की ते बोटभर जेली स्वतःच्या मानेला लावायचे आणि ती कांडी जबड्याखाली टेकवायचे. आधी खरखर व्हायची. मग डबीतून आवाज यायचा, लांबवर भट्टीची हवा कोणी थोडी थोडी सोडत असावं तसा. "ऐका," ते म्हणायचे, "हे माझं रक्त आहे. मी झोपलो तरी हे ड्युटीवर असते." माझ्या आयुष्यात मी पुष्कळ लोकांना स्वतःची ओळख करून देताना पाहिलं आहे. स्वतःचं रक्त ऐकवून ओळख करून देणारा हा एकच.

दुसरी सवय म्हणजे ते माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर पाहायचे, पायांकडे आधी. इथे भिलाईत, मराठी मंडळाच्या गणपतीत आरोग्य तपासणी होती, तिथे आमची पहिली भेट झाली. मी खुर्चीवर बसते आहे तोवर त्यांनी माझी पावलं पाहून घेतली आणि म्हणाले, "तुमचं ठीक आहे, काकू. काकांचे दाखवा." मी विचारलं, तोंडाकडे न पाहता कसं कळतं? "माणूस तोंडानं खोटं बोलते. पाय खोटं बोलत नाही." ते मूळचे भंडाऱ्याकडचे, बोलणं तिकडचं. नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळात रक्तवाहिन्यांच्या तपासणीच्या खोलीत त्यांनी बरीच वर्षं काढली होती, हे खरं होतं. मी नंतर खात्री करून घेतली.

आजोबांनी नाइलाजाने मोजा काढला. सरांनी पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली, मग कांडी ठेवली, मग दुसऱ्या पावलावरही ठेवून पाहिली. "काका, चालताना पोटरी भरून येते का?"

"वय झालं, बाबा."

"वयानं दोन्ही दुखले असते. तुमचा एकच दुखून राहिला."

आजोबांनी ही गोष्ट माझ्यापासून लपवून ठेवली होती. सिव्हिक सेंटरच्या बाजारापर्यंत जाताना ते मध्येच थांबून दुकानांच्या पाट्या वाचायचे, ते वाचनाच्या आवडीने नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. रायपूरच्या डॉक्टरांनी पायातली रक्तवाहिनी अर्ध्याहून जास्त बंद असल्याचं सांगितलं. उपचार झाले, सिगारेट सुटली, पाय वाचला. त्यानंतर आमच्या घरात डॉप्लर सरांविरुद्ध कोणी एक शब्द बोलू शकत नव्हतं. सणाला पुरणपोळीचा पहिला डबा त्यांच्याकडे जायचा.

भिलाईच्या निवृत्त लोकांना त्यांचं बोलणं फार आवडायचं, कारण ते शरीर आमच्या स्टील प्लँटच्या भाषेत समजावत. धमनी म्हणजे मेन लाइन. चरबी म्हणजे पाइपातला गाळ. आजोबांचे एक मित्र बायपासच्या नुसत्या नावाने घाबरले होते. सर त्यांना म्हणाले, "साहेब, तुम्ही ब्लास्ट फर्नेसमध्ये होते नं? शटडाउन न घेता लाइन दुसरीकडून फिरवली की नाही कधी? तेच आहे हे." ते गृहस्थ दुसऱ्याच आठवड्यात ऑपरेशनला तयार झाले. डॉक्टरांना जे जमलं नव्हतं ते या माणसाने चहा पिता पिता केलं.

पुढे सरांनी हथखोजच्या रस्त्यावर, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या ऑफिसच्या इमारतीत कॉलेज काढलं. तीन अभ्यासक्रम होते: रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, वेब डिझाइन आणि मीडिया प्रॉडक्शन. मी विचारलं, या तिन्हींचं एकमेकांशी नातं काय? "तिन्हीमध्ये पडद्यावर पाहून काम करायचं असते, काकू," ते म्हणाले, आणि मी हसले. मला त्यांनी इंग्रजी शिकवायला बोलावलं. रुग्णाशी कसं बोलावं, वेबसाइटवरचा मजकूर कसा लिहावा, कॅमेऱ्यासमोर वाक्य कुठे संपवावं. शाळेतून निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली होती. सकाळी परत साडीला पिन लावून बाहेर पडायचं, या गोष्टीचा आनंद मी तुम्हाला समजावू शकणार नाही.

आता एक गोष्ट नीट वाचा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. भिलाईत ट्रेनिंग म्हणजे नोकरी. अप्रेंटिस काम शिकून घरी परततो, पण प्लँटने एकदा माणसाला ट्रेनी म्हणून आत घेतलं, की पुढे तो कायम होणार, क्वार्टर मिळणार, त्याचं लग्न ठरणार. दोन पिढ्या आम्ही हेच पाहिलं. त्यामुळे इथली माणसं कॉलेजात जाऊन मान्यता कोणाची आहे हे विचारत नाहीत. ट्रेनिंग किती वर्षांची, एवढंच विचारतात. सरांनी हे ओळखलं होतं. त्यांनी कॉलेजला वर्ग ठेवले नाहीत, शिफ्ट ठेवल्या. मुलांच्या गळ्यात गेटपाससारखं कार्ड. सकाळी आत शिरताना प्लँटसारखी सुरक्षेची शपथ, हात पुढे करून. पहिल्या दिवशी एक पालक आजूबाजूला बघत म्हणाले, "बाप्पा! हे तं प्लँटच झालं." सर नम्रपणे हसले.

पल्लवी तिथे माझ्यामुळे आली असं तिच्या घरी आजही मानतात. ती भिलाईतल्याच रुआबांध्याची. वडील प्लँटच्या रेल मिलमध्ये, आई सुनंदाबाई घरीच शिवणकाम करायच्या. गोंदियाकडची शेती सोडून तिचे आजोबा भिलाईला आलेले, आणि घरात बारावी झालेली ही पहिली मुलगी. शाळेत ती माझ्याच हाताखाली शिकली होती. दुर्गच्या एका नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता. सर मला म्हणाले, "काकू, फक्त माझ्यासोबत चला. बोलायचं काही नाही." मी गेले. खरोखरच काही बोलले नाही. सर बोलले. नर्स काय, कोणीही होते. ही विद्या छत्तीसगडमध्ये किती जणांकडे आहे ते सांगा. पल्लवीच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "अप्रेंटिस आहे का ट्रेनिंग?"

"ट्रेनिंग," सर म्हणाले.

सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या. "मॅडम, आमाले यातलं काई समजत नाही. तुमी इथपर्यंत आल्या, म्हणजे चांगलंच असन." पल्लवीने नर्सिंगची जागा सोडली.

शिकवायला मात्र डॉप्लर सरांसारखा माणूस मी पाहिला नाही, आणि चाळीस वर्षं मी शिक्षकांमध्येच वावरले. मुलींना ते समोरासमोर दोन रांगांत बसवायचे. एकीचं पाऊल दुसरीच्या मांडीवर, आणि सगळ्यांचे डोळे बंद. बोटांनी नाडी शोधायची. आधी गुदगुल्यांनी हसून हसून लोळण, मग हळूहळू खोली शांत व्हायची. कोणाची सापडली की ती नुसता हात वर करायची. "घाई नको," सर रांगेतून फिरत म्हणायचे. "बोटाले ऐकू येऊ द्या." ते खुर्चीवर कधी बसले नाहीत. डबा आणायचे नाहीत. दुपारी प्रत्येकीच्या डब्यातला एक घास घ्यायचे आणि कोणाच्या आईच्या भाजीत मीठ जास्त झालं हे दुसऱ्या दिवशी लक्षात ठेवून विचारायचे. मुली त्यांच्यासाठी जीव टाकत.

फक्त सोनोग्राफीचं मशीन नव्हतं.

"मशीन रस्त्यात आहे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मुली आपापसात थट्टेने ते वापरू लागल्या. एखादी उशिरा आली की बाकीच्या ओरडायच्या, "पल्लवी रस्त्यात आहे!" सरही हसायचे. मशीन कधी मुंबईच्या बंदरात अडकलेलं असायचं, कधी कागदपत्रांत, कधी पावसाने बंद झालेल्या रस्त्यावर. मी विचारलं तर म्हणायचे, "काकू, बोटं तयार नसतील तर मशीन काय कामाचं?" आणि मला ते पटायचं. मी भाषेची शिक्षिका. व्याकरण पक्कं झाल्याशिवाय निबंध नाही, हे मीच आयुष्यभर सांगत आले होते.

पहिल्या वर्षाच्या शेवटी एक दिवस मशीन आलं. टेम्पोतून, गोधडीत गुंडाळून. चार मुलांनी ते वर चढवलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकीने जाऊन हळदीकुंकू आणलं आणि मशीनला लावलं. त्याच दिवशी मीडियाच्या मुलांचं प्रॅक्टिकल होतं, कॉलेजवर छोटी फिल्म करायची. पल्लवीला पांढरा कोट घालून मशीनपुढे बसवलं. पेशंट म्हणून मीडियाचाच एक मुलगा आडवा झाला. ती त्याच्या मानेवर कांडी फिरवत होती आणि पडद्यावर लाल-निळे रंग हलत होते. तिचा चेहरा तुम्ही फिल्ममध्ये पाहिलात ना? ते नाटक नव्हतं. तिला वाटलं, आपण सुरुवात केली. मग सर मला म्हणाले, "काकू, चार शब्द तुमचे." मी बोलले. या मुलींना मी लहानपणापासून ओळखते, इथे त्या हाताने काम शिकतात, आपल्या मुलांना विश्वासाने पाठवा. इंग्रजीत बोलले, मग मराठीत.

दुसऱ्या दिवशी मशीन नव्हतं. पॅनेलमध्ये दोष निघाला, बदलून येईल, असं सांगण्यात आलं. वेब डिझाइनच्या मुलांना त्या महिन्यात कॉलेजची वेबसाइट करण्याचं काम होतं. त्यांनी ती फिल्म पहिल्याच पानावर लावली. ते त्यांचं प्रॅक्टिकल. पुढच्या वर्षी दुप्पट मुली आल्या. मुलांनी मनापासून अभ्यास केला आणि त्या अभ्यासातूनच एक जाळं विणलं गेलं, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

दोन वर्षं पूर्ण झाल्यावर पल्लवी रायपूरच्या एका इस्पितळात मुलाखतीला गेली. परत आली ती सरळ आमच्याकडे. चप्पल काढायला वाकली आणि तशीच पायरीवर बसून राहिली. बोलताना ती नेहमीसारखी मध्येच हिंदीत जात होती.

"मॅडम, तिथल्या डॉक्टर मॅमनी विचारलं, कितने पेशंट किए? मी म्हटलं, एकबी नाही. त्यांना वाटलं मी मजाक करून राहिली. मग मी त्यांना आपली फिल्म दाखवली."

"मग?"

"त्या हसल्या नाहीत. बोलल्या, बेटा, ये तो रेकॉर्डिंग चल रही है. तू कांडी उचलली तरी चित्र हलूनच राहिलं, बघ. मग सांगितलं की या सर्टिफिकेटले कुठंच मान्यता नाही. सोनोग्राफी डॉक्टरच करतात, मशीनची सरकारकडे नोंद लागते, आपल्याले तर हातबी लावू देत नाही." तिने चपला जोडून ठेवल्या. "मॅडम, सरांना हे माहीत नसेल का?"

आजोबांनी तिला पाणी आणून दिलं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. सरांनी उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हटलं, चहा नको. या कोर्सला मान्यता आहे?

"प्रोसेसमध्ये आहे, काकू."

"अर्ज केला आहे?"

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "नाही."

"मशीन कोणाचं होतं?"

"एका ओळखीच्या माणसाचं. जुनं. दुरुस्तीले चाललं होतं. एक दिवसासाठी मागून घेतलं."

"कायदा माहीत होता तुम्हाला?"

"होता. वाटलं होतं, एखादा डॉक्टर भागीदार भेटेल, त्याच्या नावानं सगळं नीट करून घेऊ. भेटला नाही."

"मग पहिल्या वर्षीच मुलींना सांगायचं. पल्लवीची नर्सिंगची जागा होती."

"सांगितलं असतं तर ती गेली असती, काकू. तिच्यामागं सगळ्या गेल्या असत्या." आणि मग ते अगदी मोकळेपणाने, मला बरं वाटावं म्हणून बोलावं तसे म्हणाले, "लोक माझ्याकडे पाहून नाही आले. तुमच्याकडे पाहून आले. या सेक्टरांत तुमच्या हाताखाली शिकलं नाही असं घर दाखवा. फिल्ममध्ये मी उभा राहिलो असतो तर कोण आलं असतं?"

त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कौतुक होतं. ते खोटं नव्हतं. मला आजवर ज्या ज्या लोकांनी मान दिला, त्यांत इतका मनापासून आणि इतक्या नीच कामासाठी दिलेला मान दुसरा नाही.

मी उठले. दाराशी मला राहवलं नाही. "गणपतीत ह्यांचा पाय पाहिलात, तेव्हाच हे ठरवलं होतं?"

पहिल्यांदाच त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "नाही नं, काकू. पाय खरा होता."

मुलांनो, माणूस सगळाच खोटा असता तर सोपं झालं असतं. मी त्याला मनातून काढून टाकलं असतं आणि तुम्हाला एका ओळीत सांगितलं असतं की एका ठगाने आम्हाला फसवलं. पण तो पाय खरा होता. ती शांत खोली, डोळे मिटून नाडी शोधणाऱ्या मुली, ते खरं होतं. त्यांनी खऱ्या गोष्टींनी माझा विश्वास मिळवला आणि तो खोट्या कामाला लावला. मला राग त्याचा आहे. इतक्या वर्षांनीही तो कमी झालेला नाही, आणि कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

मी वेब डिझाइनच्या मुलांना फिल्म काढून टाकायला सांगितलं. ती बिचारी माझ्यासमोर बसून प्रयत्न करत राहिली, पण पासवर्ड सरांनी बदलला होता. त्या मुलांचं आणि मीडियाच्या मुलांचं तसं फार बिघडलं नाही. कोणी लग्नांचं शूटिंग करतं, कोणी दुकानांच्या वेबसाइट करतं. बिघडलं ते सोनोग्राफीच्या मुलींचं. आम्ही काही पालकांना घेऊन तक्रार करायला गेलो. चौकशी सुरू होईपर्यंत उन्हाळा लागला, आणि एका सोमवारी मुली शिफ्टला गेल्या तर फाटकाला कुलूप. सर कुठे गेले ते कोणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणतं ओडिशात आहेत, तिथेही कॉलेज आहे.

त्यांचा एकदा फोन आला. नंबर अनोळखी होता. "काकू, काकांचा पाय कसा आहे? वर्षातून एकदा डॉप्लर करून घेत जा." मी म्हटलं, करतो, आणि फोन ठेवला. आजोबांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "कोणाचा होता?"

"तुमच्या पायाचा," मी म्हटलं. त्यांनी पान उलटलं.

कुलूप लागल्याच्या आठवड्यात मी रुआबांध्याला गेले होते. सुनंदाबाईंनी मला आत बोलावलं, पाट्यावर वाटण चालू होतं ते थांबवलं, हात धुतले. मी म्हटलं, सुनंदाबाई, त्या माणसाने माझी पण फसवणूक केली. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, आमी त्याले कुठं ओळखत होतो? आमी तुमाले ओळखत होतो." आणि परत पाट्याशी जाऊन बसल्या.

पल्लवीने दोन वर्षं गमावून परत नर्सिंगला प्रवेश घेतला. वर्गात सगळ्या तिच्याहून लहान होत्या. आता ती दुर्गच्या एका इस्पितळात नर्स आहे. दिवाळीला येते, माझ्या पाया पडते, आजोबांना औषधांवरून रागावते. सुनंदाबाई मला बाजारात दिसतात. मी थांबते. त्या पदर सावरतात आणि पुढच्या दुकानाकडे जातात. पल्लवी माझ्याशी बोलते. तिची आई बोलत नाही.